ऑक्टोबरची टेप, एप्रिलचा टँकर

एप्रिल-मेमध्ये कुठल्या गावात पाण्याचा टँकर फिरणार, हे सरकारदरबारी आदल्या ऑक्टोबरातच बऱ्यापैकी ठाऊक असतं. यात ज्योतिष काही नाही. विहिरीत सोडलेली मोजटेप हे सांगते, आणि ती टेप सोडणाऱ्या खात्याचं नाव आहे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. नाव लांबलचक, म्हणून कागदोपत्री ‘जीएसडीए’ आणि बोलताना नुसतं ‘भूजल’. मुख्य कार्यालय पुण्यात शिवाजीनगरला, भूजल भवनात. जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठ भूवैज्ञानिकाचं कार्यालय. मंत्रालयात हे खातं पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाखाली येतं.

पाण्याशी संबंधित सरकारी खात्यांची आपल्याकडे एवढी गर्दी आहे की कोण काय करतं हे एकदा वेगळं करून घ्यायला हवं. धरणं आणि कालवे जलसंपदा विभागाचे. नळयोजना जिल्हा परिषदेच्या, नाहीतर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या. टँकर महसूल खात्याचा, म्हणजे प्रांत आणि तहसीलदारांच्या सहीनं सुटणारा. या सगळ्यांत भूजल यंत्रणेचं मुख्य काम म्हणजे जमिनीखाली किती पाणी आहे, ते कुठे आहे, किती उपसलं जातंय आणि आता काय करायला हवं, हे मोजून वर कळवणं. विंधन विहिरी घेण्याची काही कामं ती स्वतःही करते, पण तिचं खरं वजन तिच्या आकड्यांत आहे. निर्णय मात्र दुसरेच घेतात. आकडा एकाचा आणि सही दुसऱ्याची, या दोन टेबलांच्या मधल्या अंतरात महाराष्ट्राच्या पाण्याची बरीचशी कहाणी घडते.

यंत्रणा उभी राहिली १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे. त्या दुष्काळानं एक गोष्ट स्वच्छ दाखवली होती. उघड्या विहिरी आटल्या, तरी खालच्या खडकात काही ठिकाणी पाणी शिल्लक होतं आणि यंत्रानं भोक पाडून ते काढता येत होतं. मग गावोगाव विंधन विहिरी झाल्या, त्यांवर हातपंप बसले. देशभर आणि देशाबाहेरही पोचलेला ‘इंडिया मार्क-२’ हा हातपंप याच काळात तयार झाला, आणि त्याचं मूळ जालना-सोलापूर भागात बनलेल्या पंपांमध्ये होतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. पण भोक कुठे पाडायचं? तिथेच शास्त्राची गरज लागली.

पायाखाली काय आहे

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि थंड झाला, त्याचा हा खडक. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट पाषाणाचा. वरचा भाग वायूचे बुडबुडे अडकून सच्छिद्र झालेला, आंबोळीला पडते तशी जाळी असलेला. दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा. पृष्ठभागाजवळचा खडक ऊन-पावसानं झिजून त्याचा मुरूम झालेला. पाणी राहतं ते या मुरमात, जाळीत आणि भेगांमध्ये. घट्ट पाषाणात जवळजवळ काहीच राहत नाही.

त्यामुळे ‘जमिनीखाली पाण्याचं तळं आहे’ किंवा ‘खालून नदी वाहते’ या समजुती आपल्या मुलखात तरी चालत नाहीत. जाळीदार दिसणाऱ्या खडकातही बऱ्याचदा भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, किंवा पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडची विहीर मार्चपर्यंत चालते आणि पलीकडची दिवाळीलाच तळ दाखवते.

किती पाणी मावतं? भूजलाच्या अंदाजासाठी देशभर जी पद्धत वापरतात, तिच्यात झिजलेल्या किंवा भेगाळलेल्या बेसाल्टला साधारण २ टक्के धरतात. म्हणजे पाण्यानं भरलेला एक घनमीटर खडक पूर्ण निथळला तर हजार लिटरच्या जागेतून हाती येतं फक्त २० लिटर. नद्यांच्या गाळाच्या जमिनीत हेच प्रमाण कितीतरी जास्त असतं. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यांत असा जाड गाळ आहे. पूर्णेच्या काठी अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात मात्र पाणी असूनही ते खारं. पूर्व विदर्भात खडक पुन्हा वेगळे.

आता हा २ टक्क्यांचा हिशेब एका गावाला लावून बघा. गावाचं शिवार १००० हेक्टर धरू. पाण्याची पातळी एक मीटरनं उतरली, तर खडकातून गेलेलं पाणी होतं २ लाख घनमीटर, म्हणजे २० कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २० हजार टँकर. विहिरीत एक मीटर म्हणजे दोन-तीन पायऱ्या. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं. भूवैज्ञानिक त्या दोन-तीन पायऱ्यांकडे बघून अस्वस्थ का होतो, ते या गुणाकारात आहे.

याच खडकामुळे आपल्याकडे पाणाड्यांचा धंदा अजून चालतो. हातावर नारळ किंवा बेचक्याची कडुनिंबाची फांदी घेऊन रानात फिरायचं, नारळ उभा राहिला की तिथे बोअर. यंत्रणेचा भूवैज्ञानिक तिथे येतो तो नकाशा आणि यंत्र घेऊन. जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडतात आणि ती किती अडते ते मोजतात. ओला, भेगाळलेला खडक वीज सहज जाऊ देतो, कोरडा पाषाण अडवतो. त्यावरून थरांचा अंदाज बांधता येतो. तरीही बोअर कोरडी जाऊ शकते, आणि गावाला एकदा का ‘भूजलवाल्यांची’ बोअर कोरडी गेल्याचं दिसलं की पुढची दहा वर्षं तोच दाखला दिला जातो. पाणाड्याच्या कोरड्या बोअरचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. हा अन्याय आहे, पण शास्त्राच्या वाट्याला तो नेहमीच येतो.

टेप कशी सोडतात

राज्यभर यंत्रणेच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत. बहुतेक साध्या, उघड्या, कुणाच्यातरी शेतातल्या किंवा गावाच्या मालकीच्या. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. पावसाळा संपताना, म्हणजे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि शेवटी मे महिन्यात, जेव्हा पाणी सर्वात खाली असतं. काही ठिकाणी आता स्वयंचलित यंत्रंही बसवली आहेत, ती आपोआप पातळी नोंदवतात. पण पन्नास वर्षांची जी नोंदवही आहे, ती टेपचीच.

विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण केलेली असते. मोजायचं ते दर वेळी त्याच खुणेपासून, नाहीतर यंदाचा आणि गेल्या वर्षीचा आकडा जुळणार कसा? टेपच्या शेवटच्या टोकाला खडू चोळतात आणि ती पाण्यात बुडेपर्यंत सोडतात. वर ओढली की खडू कुठपर्यंत भिजला ते स्वच्छ दिसतं. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. टेपवर ९.४० मीटर आले आणि कठडा ६० सेंटिमीटर उंच असला, तर पाणी जमिनीखाली ८.८० मीटरवर. नोंदीत हाच आकडा जातो. त्याआधी एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो: मोटार कधी बंद केली? नुकताच उपसा झाला असेल तर पाणी खाली गेलेलं दिसतं आणि आकडा खोटं बोलतो. पाणी चढेपर्यंत थांबायचं, नाहीतर पुन्हा यायचं.

आता या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. निरीक्षण विहिरींनी भागलं तर एका विहिरीच्या वाट्याला जवळजवळ ८० चौरस किलोमीटर येतात. गावं चाळीस हजारांहून जास्त, म्हणजे सरासरी दहा गावांची बाजू एक विहीर मांडते. ज्या मुलखात बांध ओलांडला की खडक बदलतो, तिथे दहा गावांना एक विहीर म्हणजे फारच कमी. ‘कागदावर पातळी वाढलीय आणि आमच्या हातपंपाला फेससुद्धा येत नाही’ ही तक्रार त्यामुळे दर उन्हाळ्यात ऐकू येते, आणि ती बऱ्याचदा खरी असते. विहीर ओढ्याकाठी किंवा कालव्याच्या खाली असली तर ती सुखाचीच गोष्ट सांगणार.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर वाटते. निरीक्षण विहिरी बहुतेक उथळ आहेत, मुरूम आणि वरच्या जाळीतलं पाणी मोजणाऱ्या. शेतकरी मात्र आता तीनशे, पाचशे, कुठे सातशे फुटांवर गेलाय. खालच्या भेगांमधलं पाणी वरच्या विहिरीच्या टेपला दिसत नाही. कधी तर उलटं होतं: खोल बोअरचं भोक वरच्या थरालाच वाट करून देतं, वरचं पाणी खाली निथळतं आणि शेजारची जुनी विहीर कोरडी पडते. बोअर घेणाऱ्याला वाटतं पाणी लागलं. लागलं ते शेजाऱ्याचं.

ऑक्टोबरचं भाकीत

सगळी मोजणी झाली की ऑक्टोबरात यंत्रणेचा संभाव्य पाणीटंचाईचा अहवाल तयार होतो. रीत साधी आहे. आधी बघायचं, तालुक्यात पाऊस सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त कमी पडला का. मग यंदाची ऑक्टोबरची पातळी गेल्या पाच वर्षांच्या ऑक्टोबरच्या सरासरीशी ताडून बघायची. घट एक मीटरच्या आत असली तर चिंता नाही. एक ते दोन मीटर असली तर एप्रिलपासून टंचाई. दोन ते तीन मीटर असली तर जानेवारीपासून. तीन मीटरहून जास्त असली तर लगेच, ऑक्टोबरपासूनच.

वरच्याच विहिरीचं उदाहरण पुढे नेऊ. यंदा ८.८०, आणि समजा पाच वर्षांची सरासरी ६.३०. घट अडीच मीटर. हे गाव जानेवारीच्या यादीत. संक्रांतीनंतर तिथे बायकांना पाण्यासाठी लांब जावं लागेल, हे त्या दिवशी ठरल्यासारखंच असतं.

ही यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तिच्या आधारानं टंचाई आराखडा होतो. आराखड्याचेही तीन तुकडे: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. उपाययोजना ठरलेल्या आहेत. नव्या विंधन विहिरी, जुन्या नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, विहिरीतला गाळ काढणं, नदीच्या पात्रात बुडक्या, म्हणजे पाण्यासाठी खड्डे, घेणं, ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याची विहीर अधिग्रहित करणं, आणि काहीच नाही जमलं तर टँकर. ग्रामीण भागात टँकरचं माप माणशी रोज २० लिटर. टंचाईतली नवी बोअर मंजूर करतानाही भूवैज्ञानिकाची स्थळपाहणी लागते. म्हणजे गावच्या पुढाऱ्यानं ‘माझ्या वाड्याजवळ घ्या’ म्हटलं तरी, निदान कागदावर, जागा खडक बघून ठरते.

हे भाकीत किती उतरतं, याचा एक मोठा दाखला २०१८चा आहे. त्या वर्षी सप्टेंबर कोरडा गेला. ऑक्टोबरच्या मोजणीत राज्यातल्या हजारो गावांत पातळी एक मीटरहून जास्त उतरल्याचं दिसलं. ३१ ऑक्टोबर २०१८ला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या मे महिन्यात राज्यात ६ हजारांहून जास्त टँकर धावत होते.

दुष्काळ जाहीर करायचा की नाही, हे आता नुसत्या आणेवारीवर, म्हणजे पीक किती आलं याच्या महसुली अंदाजावर, ठरत नाही. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेनुसार पाऊस, पावसाचा खंड, पेरणी, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, धरणातला साठा आणि भूजल असे बरेच निर्देशांक एकत्र बघावे लागतात. त्यातला भूजलाचा निर्देशांक याच टेपमधून येतो. नागपूरचं सुदूर संवेदन केंद्र उपग्रहाचं बघतं, कृषी खातं पेरणीचं. निकष कडक झाल्यानं तालुके यादीतून गळतात, अशी ओरड दर वेळी होते. २०२३मध्ये पहिल्या फेरीत फक्त ४० तालुके बसले, तेव्हाही झाली.

त्या २०१८च्या अहवालाचं राजकारणही झालं. बंधारे बांधून पाणी अडवण्याचं जलयुक्त शिवार अभियान तेव्हा भरात होतं आणि हजारो गावं दुष्काळमुक्त झाल्याचे दावे होत होते. त्याच वेळी सरकारचंच एक खातं सांगत होतं की पातळी उतरलीय. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. सरकारचं म्हणणं, पाऊसच कमी झाला तर पातळी उतरणारच, त्याचा योजनेशी काय संबंध. यात तथ्य होतं. एका कोरड्या वर्षावरून बंधाऱ्यांचा निकाल लावणं बरोबर नाही, तसंच एका चांगल्या पावसाळ्यानंतर ‘पातळी दोन मीटर वाढली’ म्हणून फलक लावणंही बरोबर नाही. पुढे २०२०मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानं सांगितलं की ९,६०० कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की हा वाद घालता आला, कारण कुणीतरी खडू लावून चाळीस-पन्नास वर्षं टेप सोडत होतं. नाहीतर दोन्ही बाजूंच्या हाती फक्त भाषणं राहिली असती.

सत्तर, नव्वद, शंभर

टंचाईचा अहवाल एका वर्षापुरता. यंत्रणेचं दुसरं मोठं काम लांब पल्ल्याचं आहे: भूजलाचा ताळेबंद. हा ती केंद्रीय भूजल मंडळाबरोबर मिळून करते आणि सचिव पातळीवरची राज्यस्तरीय समिती त्याला मान्यता देते. पूर्वी तो काही वर्षांनी व्हायचा, २०२२पासून दरवर्षी होतो.

इथे हिशेब गावाचा नसतो, पाणलोटाचा, म्हणजे ज्या भागातलं पाणी एकाच ओढ्या-नदीकडे जातं त्या भागाचा असतो, कारण जमिनीखालचं पाणी ग्रामपंचायतीची हद्द मानत नाही. महाराष्ट्राचे असे दीड हजारांहून जास्त पाणलोट पाडले आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे: गोदावरी खोऱ्यातले ‘जीव्ही’नं सुरू होतात, भीमेचे ‘बीएम’नं. पाऊस, कालव्यांची गळती, शेतात दिलेल्या पाण्यातलं मुरलेलं पाणी, तलाव आणि बंधारे, या सगळ्यांतून वर्षाला किती पुनर्भरण झालं ते काढतात. त्यातला ५ ते १० टक्के भाग नैसर्गिकरीत्या ओढ्या-नाल्यांना जातो म्हणून सोडून देतात. उरलेलं म्हणजे आपल्याला उपसता येण्याजोगं पाणी. मग बघायचं, त्यातलं किती उपसलं. ७० टक्क्यांपर्यंत असेल तर सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित, १००च्या वर अतिशोषित. शंभराच्या वर कसं जाणार? आधीच्या वर्षांचं साठलेलं पाणी खाऊन.

राज्याची सरासरी काढली तर ती ५५ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ठणठणीत सुरक्षित. ही सरासरी भाषणात वापरायला फार सोयीची आहे आणि कामाला काडीची उपयोगाची नाही. कोकणात धो-धो पाऊस आणि उपसा नगण्य, गडचिरोलीत तीच तऱ्हा. तिकडे अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा आणि जळगावातल्या रावेर-यावलची केळी वर्षानुवर्षं अतिशोषितच्या यादीत. रावेरचा तुटवडा रत्नागिरीच्या पावसानं भरून निघत नसतो.

या हिशेबातला सगळ्यात कच्चा आकडा पावसाचा नाही, मोटारींचा आहे. उपसा काढताना विहिरींची संख्या गुणिले एका विहिरीचा हंगामातला सरासरी उपसा, असं गणित करतात. विहिरींची संख्या येते ती सरकारी गणनांमधून. पण रात्रीत गाडी बोलावून घेतलेली बोअर कुठल्या गणनेत येणार? सातबाऱ्यावर एक विहीर आणि रानात चार बोअर, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पाणलोट ८५ टक्क्यांवर आहे असं अहवाल म्हणतो, तेव्हा तो प्रत्यक्षात शंभरीच्या पुढेही असू शकतो.

पाण्याच्या प्रतीचंही काम यंत्रणेकडे आहे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दातांवर डाग, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं वाकडी. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि शेणखड्डे, संडास, युरिया यांच्या कृपेनं ती अनेक गावांत ओलांडली जाते. असा स्रोत धोकादायक म्हणून कळवला की त्याचं पाणी पिण्यासाठी बंद करून दुसरी सोय करणं, हे काम ग्रामपंचायतीचं आणि जिल्हा परिषदेचं.

सल्ला आहे, लगाम नाही

मोजून कळवलं, पुढे काय? कायदे आहेत. १९९३च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताला संरक्षण दिलं: त्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) अधिनियम २००९चा. तो प्रत्यक्षात लागू झाला २०१४मध्ये. त्यात ६० मीटरहून खोल, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढच्या शेती आणि उद्योगाच्या विहिरींवर निर्बंध आहेत. बोअर मारणाऱ्या गाड्यांची नोंदणी आहे, पाणलोटाच्या समित्या आहेत, पाण्यानुसार पीक आराखडा आहे. राज्याचं भूजल प्राधिकरण म्हणून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, आणि भूजल यंत्रणा त्याला शास्त्रीय आधार पुरवते.

आणि तरी तालुक्याच्या कुठल्याही चौकात उभं राहा, बोअरच्या गाड्यांच्या जाहिरातींत खोली फुटांत दिलेली असते आणि ती दोनशेवर थांबत नाही. कायदा पाळायचा म्हटला तर तो पाळून घेणार कोण? भूवैज्ञानिक मोजू शकतो, गाडी अडवू शकत नाही. तहसीलदार अडवू शकतो, पण त्याच्यामागे पंचवीस कामं आणि समोर मतदारसंघ. २०१८मध्ये नियमांचा मसुदा लोकांपुढे आला तेव्हा शेतकरी संघटनांचा विरोध होता, आणि तोही पूर्णपणे चुकीचा म्हणता येत नाही. संत्र्याचं झाड आठ-दहा वर्षं वाढवलेलं असतं. बाग वाळताना बघत बसलेल्या माणसाला ‘तुमचा पाणलोट अतिशोषित आहे, बोअर घेऊ नका’ म्हणणं सोपं आहे. त्याच्या कर्जाचं काय, हे त्या वाक्यात नसतं.

सरकारच्या एका हाताला दुसऱ्याचं भान नसतं, ते इथे उघडं पडतं. एक खातं उपसा कमी करा म्हणून अहवाल देतं. दुसरं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देतं; एप्रिल २०२४पासून पाच वर्षांसाठी तशी योजना सुरू आहे. विजेचं बिल हा उपशावरचा थोडाफार तरी ब्रेक होता. तो काढताना भूजल यंत्रणेचा सल्ला कुणी घेतला असेल असं वाटत नाही. मोफत वीज चूक की बरोबर हा वेगळा वाद, त्यात शेतीमालाच्या भावाचा प्रश्न आहे. पण अतिशोषित तालुका आणि सुरक्षित तालुका यांना एकच माप लावलं जातं, तेव्हा दरवर्षी एवढा खर्च करून केलेली ती वर्गवारी कशासाठी, असं विचारावंसं वाटतं.

जिथे सल्ला कामाला आला, तिथे तो गावानं स्वतः मोजायला घेतल्यावर आला. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे नाव सगळ्यांना पाठ आहे. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथे पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षी कुठली पिकं घ्यायची ते ठरतं, आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा गावाचा नियम आहे. नियम जवळपास तोच, जो सरकारी कायद्यात आहे. फरक एवढाच की इथे तो मोडणाऱ्याला रोज पारावर लोकांना तोंड दाखवावं लागतं. केंद्राची अटल भूजल योजना याच वाटेनं जायचं म्हणत आली. २५ डिसेंबर २०१९ला सुरू झालेली ही ६ हजार कोटींची योजना महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी होती, आणि आपल्याकडे ती राबवण्याची जबाबदारी भूजल यंत्रणेकडेच आली. गावकऱ्यांना पातळी मोजायला शिकवायची, ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. काही गावांत हे मनापासून झालं, काही गावांत भिंतीवर रंगवलेला तक्ता तेवढा उरला.

आपल्या गावाचं काय, हे बघायचं असेल तर त्यासाठी भूवैज्ञानिक व्हावं लागत नाही. आपलं गाव कुठल्या क्रमांकाच्या पाणलोटात येतं, तो पाणलोट कुठल्या वर्गात आहे, आणि सगळ्यात जवळची निरीक्षण विहीर नेमकी कुणाच्या रानात आहे, हे जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात विचारता येतं. नाही सांगितलं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. ग्रामसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेल तर त्या वर्षीची घट किती मीटर आणि गाव कुठल्या यादीत, एवढं तरी इतिवृत्तात यायला हवं, म्हणजे हरभरा करायचा की ऊस ठेवायचा हे ठरवताना तो आकडा समोर असेल. आणि ज्या आठवड्यात सरकारी मोजणी होते, त्याच आठवड्यात गावातल्या दोन-तीन विहिरी, एक ओढ्याकाठची आणि एक माळावरची, मोटार बंद ठेवून स्वतः मोजाव्यात. शेजारी शेजारी लिहिलं की सरकारी विहीर आपल्या शिवाराची गोष्ट सांगतेय की दुसऱ्याच कुणाची, ते लगेच दिसतं. फरक मोठा असला तर तोच कागद घेऊन वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे जायचं आणि आपल्या माळावर एक निरीक्षण विहीर मागायची.